कासवबेटाचं दगडफूल

आईने पाठवलेल्या मसाल्यात दगडफूल कमी पडलंय, हे मैथिली कुबलला पहिल्या घासालाच कळलं. मालवणी मसाल्यात मिरची मिरवते, धणे गर्दी करतात, पण सगळ्यांच्या मागे राहून चव धरून ठेवतो तो दगडफुलाचा काळपट, मातकट वास. तोच हरवला होता. आणि ही बाई काही साधी जेवणारी नव्हती. पुण्यातल्या एका जुन्या वनस्पतीसंग्रहालयात दगडफुलांचं अख्खं दालन तिच्या ताब्यात होतं. दिवसभर दगडफुलं न्याहाळायची आणि घरी येऊन तीच रश्शात घालायची, यावरून सहकारी तिची यथेच्छ थट्टा करत.

तिने ताट बाजूला सारलं आणि आईला फोन लावला. फोन उपग्रहावरून थेट अंदमानच्या समुद्रात, कासवबेटावर जायचा, म्हणून लागायला जरा वेळ घ्यायचा.

"काय गो, मसालो गावलो?" आनंदीबाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता.

"गावलो. पण दगडफूल कित्या एवढा कमी? हात आखडलंस काय?"

"हात कसलो आखडतंय! गावणाच नाय हल्ली. पयल्या वर्सा घराच्या पाठल्या झाडार मूठभर मिळा. मगे व्हाळाकडे जावचा लागला. आता धक्क्याच्या पलीकडे, पार टोकार जातंव. पाय दुखतत माझे."

"तुम्ही बायांनीच ओरबाडून संपवल्यात असतला."

"होय गो होय, आम्हीच खाल्लंव! तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींका मसालो कोण पुरवता मगे?" आई हसली. "आणि ऐक, मसाल्यावांगडा अख्ख्या दगडफुलाची पुडी पाठवलंय. ह्या वर्साय निवडूक वेळ नाय गावलो. तूच निवड."

मैथिलीही हसली, फोन ठेवला आणि जेवायला बसली. पण घास काही उतरेना. घरामागे, मग व्हाळ म्हणजे ओढ्याचा काठ, मग टोक. बायकांनी खुडलं तर झाड उघडं पडेल, कबूल, पण दगडफूल असं ओळीने एकाच दिशेला कसं संपेल?

*

आता ही कुबल मंडळी कोकणातून उठून अंदमानच्या समुद्रात कशी पोचली, ते सांगायला हवं.

त्यांचं गाव खारवणं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं, गाबितांचं. समुद्राने ते एका रात्रीत गिळलं असतं तर निदान कळवळा तरी वाटला असता कुणाला. पण तो पायरीपायरीने वर आला. आधी विहिरी खारट झाल्या, मग माड वाळले, मग भरतीचं पाणी चुलीपर्यंत यायला लागलं. सरकारने घाटावर जागा देऊ केली. पिढ्यानपिढ्या जाळं टाकणाऱ्या माणसांना उसाच्या पट्ट्यात नेऊन बसवायचं म्हणजे माशाला झाडावर घर बांधून देण्यातला प्रकार. गाव हटून बसलं. तेव्हा कासवबेटाचं नाव पुढे आलं. गोडं पाणी, चांगलं बंदर, भरपूर मासळी. खोट एकच होती. बेटाच्या मधोमध उभा असलेला डोंगर हा जुना ज्वालामुखी होता. निजलेला, असं सगळे म्हणत. पण तो खरंच निजलाय की नुसते डोळे मिटून पडलाय, हे सांगणार कोण?

ते सांगितलं दगडफुलाने. म्हणजे सांगायला लावलं ‘वाचक’ने.

दगडफूल हे फूल नव्हे आणि त्याचा दगडाशी संबंध फक्त बसण्यापुरता. तो एक संसार असतो, बुरशी आणि शेवाळाचा. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं. या संसाराला मूळ नाही, त्यामुळे जमिनीतून काही येत नाही. जे खायचं प्यायचं ते हवेतून. म्हणून हवेत जे असेल ते निमूट त्याच्या अंगात साठतं. दरवर्षी ते कडेने थोडंसं वाढतं, नखाच्या जाडीएवढं. मधल्या भागात जुन्या वर्षांची हवा, काठावर नव्या वर्षाची. जिवंत ज्वालामुखीतून गंधकाचा वायू सुटत असेल, तर त्याचा मागमूस त्या त्या वर्षीच्या कडेत सापडायलाच हवा.

कौस्तुभ आठल्ये या भौतिकशास्त्रज्ञाने बांधलेलं ‘वाचक’ हे यंत्र नेमकं हेच करायचं. वाळलेलं दगडफूल त्याच्या तबकात ठेवायचं, मधापासून काठापर्यंत एक बारीक किरण फिरवायचा आणि वर्षावर्षाची हवा वाचून काढायची. संग्रहालयाच्या कपाटात कासवबेटाच्या दगडफुलाची शिडाच्या जहाजांच्या काळापासूनची पाकिटं होती. लॅटिन नाव जिभेला पीळ पाडणारं, म्हणून दालनात सगळे त्याला नुसतं ‘कासवी’ म्हणत. वाचकने एकेक पाकीट वाचलं. गंधक नाही. गंधक नाही. शंभरावर वर्षांची हवा, धुतल्या तांदळासारखी.

तरी गाव लगेच हललं नव्हतं. गावाने रीतीप्रमाणे रवळनाथाला कौल लावला. देवाच्या अंगाला चिकटवलेली पाकळी ना उजवीकडे पडली, ना डावीकडे. लोक दिवसभर ताटकळले. शेवटी आनंदीबाईंनी सगळ्यांसमोर मुलीला विचारलं, "देव गप रवलो. चेडवा, तुझो वाचक काय सांगता?"

मैथिलीने सांगितलं, "हवा उत्तम असा, आई. तुझ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावंडानंच सांगितल्यान हा."

कुबलांचं चेडू सांगतं म्हणजे खरंच असणार, म्हणून गाव जहाजात बसलं. सात वर्षं झाली त्याला. सगळ्यात शेवटी बसल्या त्या आनंदीबाई, तुळशीची कुंडी पोटाशी धरून.

*

दुसऱ्या दिवशी दालनात येताच तिने कासवीची सगळी पाकिटं बाहेर काढली. आजवर ती नेहमी तारखेच्या क्रमाने लावलेली असत. वाचकलाही तेवढंच लागे, दगडफूल आणि साल. ठिकाणाची ओळ कुणी वाचत नसे. मैथिलीने बेटाचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि चपला काढून त्यावर गुडघे टेकून बसली. एकेक पाकीट ती त्याच्या त्याच्या जागी ठेवत गेली.

सगळ्यात जुनं, जहाजावरच्या एका गोऱ्या डॉक्टराने आणलेलं. ‘शिखर, विवराच्या काठचे खडक. विपुल.’ ते डोंगराच्या माथ्यावर ठेवलं. त्यानंतरचं एका वनाधिकाऱ्याचं, ‘व्हाळाच्या उगमापाशी.’ ते जरा खाली. मग तिच्या स्वतःच्या गुरू वैशंपायनबाई, ज्यांनी तिला पाकिटाची घडी घालायला शिकवलं होतं. ‘डोंगराच्या कंबरेला, जांभळीच्या खोडावर.’ त्याच्याही खाली. वस्ती बसवण्याआधी गेलेल्या पाहणी पथकाची पाकिटं पायथ्याशी. आणि आई म्हणाली ते टोक, धक्क्याच्या पलीकडे, नकाशाच्या अगदी काठावर.

दगडफूल डोंगर उतरत होतं. कुणीतरी मागे लागल्यासारखं, पिढ्यानपिढ्या, समुद्राकडे.

आणि प्रत्येक पाकिटावर, ‘नमुन्याची स्थिती’ या ओळीपुढे, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला तोच शब्द होता. उत्तम.

उत्तम असणारच! वैशंपायनबाईंचा आवाज तिच्या कानात वाजला. "पांढरा पडलेला, झडलेला नमुना उचलायचा नाही हं मुली. पाकिटात जागा चांगल्यालाच." हेच मैथिली गेली वीस वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना सांगत आली होती. वनस्पती गोळा करणारा कुणीही हेच करतो. तो चालत राहतो, चांगलं दिसेपर्यंत. वर नाही मिळालं तर खाली उतरतो. मिळालं की खूश होऊन पाकिटात घालतो आणि चहा प्यायला जातो. वाटेत जे मेलेलं दिसलं त्याचं पाकीट कुणी करत नाही.

म्हणजे वाचकने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने फक्त जगलेल्यांनाच विचारलं होतं. पंगतीत जेवून उठलेल्यांना विचारायचं, जेवण पुरलं का, आणि दारातूनच उपाशी परत गेलेल्यांची चौकशीच करायची नाही, तसलं हे झालं होतं. गंधकाचा वायू जिथे पोचला तिथलं दगडफूल मेलं. जिथे पोचला नव्हता तिथलं पुण्यात आलं.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली. "काय केलं मी हे!"

*

कौस्तुभने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण वाचकमुळे त्याचं नाव झालं होतं, आणि नाव झालेल्या माणसाला शंका जरा उशिराच ऐकू येते.

"तूच म्हणालीस ना, बायका मसाल्यासाठी ओरबाडतात?"

"बायका सात वर्षांपूर्वी गेल्या रे. दगडफूल शंभर वर्षांपासून उतरतंय."

"उन्हाळे वाढलेत. उष्णतेनेही मरेल."

"उष्णतेने मरायचं असतं तर ते थंडाव्याकडे, वर चढलं असतं. हे खाली का पळतंय?"

कौस्तुभने चष्मा काढून पुसला. "शिखरावर आपलं गंधकमापक आहे. सात वर्षं शून्य दाखवतंय."

"शिखर बंद झालंय, म्हणून शून्य. वरचं तोंड बुजलं म्हणजे आतला दम संपला का? तो कुशीतून, व्हाळाच्या कपारीतून निघत असणार. आणि कौस्तुभ, नुसता गंधक असता तर लोक खोकले असते, नाकाला झोंबलं असतं, उठून पळाले असते. मला भीती त्याच्याबरोबर येणाऱ्याची आहे. कर्बवायू. त्याला वास नाही, रंग नाही. हवेहून जड. पाण्यासारखा उतार धरून खाली येतो आणि खोलगटात साचून राहतो. वारा आहे तोवर उधळून जाईल. वारा पडला की माणूस झोपेतच गुदमरेल."

"असणार, येईल, साचेल!" कौस्तुभचा आवाज चढला. "पुढच्या महिन्यात आणखी तीन गावं बेटावर निघायची आहेत. मी समितीला काय सांगू? मैथिलीबाईंच्या आमटीला चव नव्हती म्हणून जहाज थांबवा? मला एक मेलेलं दगडफूल आणून दे. बेटावरचं, वस्तीजवळचं. त्याच्या शेवटच्या कडेत गंधक निघाला तर मी स्वतः जहाजापुढे आडवा पडतो."

गोम इथेच होती. एवढ्या मोठ्या संग्रहालयात, एवढ्या कपाटांत, मेलेलं असं एकही दगडफूल नव्हतं.

संध्याकाळी तिने भावाला फोन केला. सिद्धेश बेटावरच्या वस्तीचा सरपंच होता. तिचं म्हणणं अर्धं ऐकूनच तो उखडला.

"ताई, तू शुद्धीर असंस मा? देवान कौल दिल्यान नाय, तेव्हा तुझ्या यंत्रार इस्वास ठेवून इलंव आम्ही हंय. रवळनाथाचा देऊळ बांधला. घंटा टांगली. आई रडाची आत्ता खंय थांबली. आणि आता म्हणतंस परत गाठोडी बांधा? खंय जावचा? पाण्यात?"

"चार दिवस, सिद्धू. वारो पडात तेवढेच दिवस होड्यांर निजा. माका खात्री होयसर."

"म्हणजे तुका खात्री नाय. आणि मी लोकांका काय सांगू? तोंडात शेण घालतले माझ्या!"

त्याने फोन आपटला. मैथिलीला रागही आला आणि रडूही. चिडायचा त्याला हक्क होता, हे तिला ठाऊक होतं. एकदा वापरलेला विश्वास परत मागायला गेलं की माणसं अशीच वागतात.

*

डोक्यातलं थांबावं म्हणून तिने हाताला काम दिलं. आईची दगडफुलाची पुडी ताटात ओतली आणि निवडायला बसली. काळी, करडी, लुसलुशीत पापुद्र्याची दगडफुलं उजवीकडे. काटक्या, साली, पांढरा चुरा डावीकडे, टाकायला. हात आपोआप चालत होते. वर्षानुवर्षांची सवय ती.

आणि मग हात थबकले.

डावीकडच्या ढिगात, सालीला चिकटून, पांढरे पडलेले पापुद्रे होते. ठिसूळ, जळक्या काठाचे. मेलेलं दगडफूल. आईने झाडावरून खरवडताना चांगलंवाईट बघितलंच नव्हतं. तिला कुठे पाकिटात जागा वाचवायची होती? मसाल्यात काय, सगळंच वाटलं जातं. दरवर्षी अशी पुडी यायची. दरवर्षी मैथिली ती निवडायची, पांढरं वेचून केराच्या डब्यात टाकायची आणि हात झटकायची. पुरावा घरपोच येत होता आणि दगडफुलांची ही पंडिता तो दर वर्षी कचऱ्यात घालत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सकाळी ती कौस्तुभच्या आधी प्रयोगशाळेत हजर होती. तिने पांढरा पापुद्रा वाचकच्या तबकात ठेवला. किरण मधून निघाला. पडद्यावरची रेघ सपाट होती, हवा शुद्ध. किरण काठाकडे सरकला, तशी रेघ वर चढायला लागली. आणखी वर. शेवटच्या काही वर्षांत ती पडद्याच्या माथ्याला टेकली आणि तिथेच तुटली. तिथे दगडफूल मेलं होतं.

कौस्तुभ खुर्चीत बसला. मग म्हणाला, "दुसरं ठेव."

दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं. सकाळ तशीच गेली. रेघ दर वेळी तशीच चढली आणि तशीच तुटली.

"मी आत्ता समितीला कळवतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला तोरा गेला होता. "पण मैथिली, यावर लेबल नाही. कुठल्या झाडावरचं, डोंगरावरचं की वस्तीतलं, काहीच नाही. पहिला प्रश्न तोच येईल. ठिकाण हवं."

तिने खणातून एक कोरं लेबल काढलं, पेन उघडलं आणि आईला फोन लावला. दुपार कलत आली होती.

*

फोन बराच वेळ वाजत राहिला. मग आईचा आवाज आला, जरा जड, झोपेतून उठल्यासारखा.

"काय गो बाये? आज दुपारचा कसा?"

"आई, पुडीतला दगडफूल खंयच्या झाडावरचा?"

"चांगला नाय काय गो?"

"चांगला असा. सांग मा, खंय गावला?"

"दोन जागचा असा. काळा ता टोकारचा. आणि थोडा अंगणवाडीच्या वडाचा. खरवडून काढलंय, पांढरा होता, पण म्हटला मसाल्यात काय कळता?"

मैथिलीचं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. अंगणवाडी. वादळवाऱ्यात पोरांना त्रास नको म्हणून गावाने ती मुद्दाम खोलगटात बांधली होती, व्हाळाच्या वळणावर, वडाच्या आडोशाला. फोटो बघून तिनेच कौतुक केलं होतं, काय छान जागा निवडलीत म्हणून.

"आई, थंय वारो असा?"

"वारो खंयचो! सकाळपासून पडलो हा. माडाचा झाप हलणा नाय. डोक्या कसा जड झाला हा. सगळी नुसती झोपाळलेली असत आज. अंगणवाडीत बघ, एरवी दुपारी एक पोर निजणा नाय, आणि आज आवाज नाय कसलो. कोंबडे सुदीक व्हाळाकडे जाणत नाय, परवा दोन मरान पडले थंय."

मैथिली ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. कौस्तुभ दचकून बघायला लागला.

"आई! ऐक माझा. तू खंय असंस?"

"देवळाच्या पायरेर. हंय वर जरा बरा वाटता. आणि तुका सांगूचा ऱ्हवला, टोकारचा पण संपला गो. काल गेललंय. धक्क्याच्या माडार एक पान गावला, बारका, पण चांगला असा. पदराक बांधून ठेवलंय तुझ्यासाठी. तुका चांगलाच लागता मा?"

"आई, घंटा वाजव!" मैथिली ओरडली. "आत्ता उठ आणि देवळाची घंटा वाजव. जोरात! सगळ्यांका वर बोलव. कोणीव खाली उतरू नको. हवा वायट असा, आई, मारणारी हवा असा. मी चुकलंय. माझा चुकला!"

आई म्हणाली, "पोरां असत गो थंय."

"पुरुष जातले. नाका-तोंडार काय बांधून पण उपेग नाय. धावत जावक होया, श्वास धरून, पोर उचलायचा आणि वर. तू उतरू नको. माझी शपथ असा तुका!"

फोन दगडावर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग घंटा. रवळनाथाची घंटा, खारवण्याहून जहाजात घालून नेलेली. ठण ठण ठण, पूजेची नव्हे, आग लागल्यावर वाजवतात तशी. मैथिलीने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. कुत्रं भुंकलं. कुणीतरी बाई ओरडली. मग सिद्धेशचा आवाज, चिडका, झोपाळलेला, "आये, काय झाला काय?" आणि आई त्याला काहीतरी सांगत होती, दम लागत, तुटक. "ताई सांगता… पोरां…" सिद्धेशने वाद घातला नाही. पावलं धावली. पुष्कळ पावलं.

घंटा वाजत होती. मैथिली पुटपुटत होती, वाजव आई, वाजव, थांबू नको. मग एका पोराने रडायला भोकाड पसरलं. दुसऱ्याने. तिसऱ्याने. तिला वाटलं, जगात याहून गोड आवाज नसेल. कौस्तुभचे डोळेही भरून आले होते.

घंटा थांबली.

"आई?" मैथिली म्हणाली. "आई, फोन उचल."

पोरं रडत होती, बायका हाका मारत होत्या, होड्या काढा, होड्या काढा, असा गलका होता. फोन कुणी उचलला नाही. बऱ्याच वेळाने सिद्धेश बोलला, आणि त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"ताई. पोरां सगळी वर इली. एक आत अंथरुणात ऱ्हवलेला. आम्ही बाकीच्या पोरांका घेवन होडयेकडे होतंव. आई उतरली. पोर तिना वडाच्या मुळार, वर दिल्यान. शेजारच्या रामान ता घेतला. आई वर इली नाय गो."

*

समितीने जहाज थांबवलं. तीन गावं किनाऱ्यावरच राहिली, नव्या जागेची वाट बघत. खारवण्याची माणसं दुसऱ्यांदा गाव सोडून बोटीत बसली. या वेळी कुणी कौल लावला नाही आणि मैथिलीलाही कुणी काही विचारलं नाही.

सिद्धेश पुण्याला आला तेव्हा त्याने बहिणीला शिव्या दिल्या नाहीत. त्याने दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त खिशातून आईच्या लुगड्याचा फाडलेला पदर काढला, गाठीसकट, आणि टेबलावर ठेवला. "तुझा असा ह्या," म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

मैथिलीने गाठ सोडली. आत एक छोटंसं दगडफूल होतं. करडं, लुसलुशीत, काठ एकही न झडलेला. तिने कागदाची घडी घातली, वैशंपायनबाईंनी शिकवली तशी, आणि ते पाकिटात ठेवलं. मग लेबल लिहायला घेतलं. संग्राहक, आनंदी कुबल. ठिकाण, कासवबेट, धक्क्याजवळचा माड. नमुन्याची स्थिती, या ओळीपाशी पेन अडलं. तिचा हात सवयीने ‘उ’ काढायला निघाला होता. तिने तो आवरला आणि लिहिलं, ‘शेवटचा.’

कौस्तुभ दारात उभा होता, कितीतरी वेळ.

"मैथिली," तो म्हणाला, "वाचकने पास केलेल्या बाकीच्या जागा आहेत. तिथे माणसं राहायला गेलीत."

तिने शेजारचं कपाट उघडलं. दुसरं बेट, दुसरा डोंगर, दुसऱ्या गावांची नवी वस्ती. पहिलं पाकीट काढलं आणि लेबल उजेडात धरलं. उत्तम. दुसरं काढलं. उत्तम. तिसरं काढायला तिचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

"नकाशा आण," ती म्हणाली.